पडद्याबाहेरची खुर्ची

शालू,

तू गेलीस तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तुझी वहिनी रडली. आसगावला तुमच्या अंगणात तुला आणून ठेवलं आणि तिनं असा टाहो फोडला की दोन गल्ल्या सोडून बायका धावत आल्या. "अवो माही ननंद गेली वो! माही सोन्यासारखी ननंद गेली!" हीच वहिनी. गेल्या दिवाळीत तू भाऊबीजेला गेलीस तर तिनं तुला साधं "राह्यते का आज?" म्हणूनही विचारलं नव्हतं. मी मागे तुळशीपाशी बायकांच्या घोळक्यात बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी कोन वो हिच्या?" म्हटलं, "मावसबहीण." "मंग दूरच्याच मना," ती म्हणाली, आणि मला जरा सरकवून तिनं तुझ्या चुलतबहिणीला पुढे जागा करून दिली.

मी सरकले. मला रडू आलं नाही, हेवा वाटला. तुझ्या वहिनीचा, चुलतबहिणीचा, त्या अंगणातल्या प्रत्येक बाईचा, जिला तुझ्यासाठी छाती पिटायला कोणाची परवानगी लागत नव्हती. माझ्या वाट्याचं रडणं दुसऱ्याच बाया रडत होत्या आणि मी तोंडाशी पदर धरून दूरची पाहुणी झाले होते.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग कोणाशी भांडू? घरात दुसरं आहे कोण? भिंतीवरची तुझी पांढरी साडी, नर्सची, अजून खुंटीला आहे. तिच्याशी बोलून पाहिलं. ती तुझ्यासारखीच, ऐकून घेते आणि उत्तर देत नाही.

आपण दोघी पवनी तालुक्यातल्या. तू आसगावच्या धानवाल्यांची, मी पवनीच्या हातमागवाल्यांची. गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि सरकारी माणसं दोन भावांत भांडी वाटावी तशी वाटली गेली, तेव्हा तुझ्या वाट्याला तुमसर तालुक्यातलं उपकेंद्र आलं. तू म्हणालीस, "मंदा, येतं का?" मी काय येणार नव्हते? शिलाई मशीन एसटीच्या टपावर चढवली आणि तुझ्यामागे आले. तुमसरात दोन खोल्या घेतल्या, खाली माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी आपलं नातं स्वतःच ठरवून टाकलं: "मावसबहिनी असान ना तुमी?" आपण फक्त नाही म्हटलं नाही. एवढ्याशा गप्प बसण्यावर आपला सगळा संसार उभा राहिला.

संसार म्हटलं की तुला राग यायचा. "कोनी ऐकलं म्हंजे?" आता कोणी ऐकलं तरी काय, शालू?

तुझ्या आयुष्यात माझी एक सवत होती, तो सिहोऱ्याचा मेळावा. मी तिला सवतच म्हणायचे आणि तू हसायचीस. संक्रांतीच्या सुमाराला, धान घरात आलेलं असतं आणि बायकांच्या हाताला जरा उसंत असते तेव्हा, तिथल्या महिला मंडळाच्या देवकाबाई शाळेच्या मैदानावर हळदी-कुंकू करायच्या. तू त्याला आरोग्य मेळावा जोडलास. फाटकाशी हळदी-कुंकू आणि वाण, आत रक्तदाब, साखर, रक्त तपासणी, आणि वर्गखोलीत तुमसरच्या डॉक्टरीणबाई बायकांच्या तपासण्या करायला. तपासणीला म्हणून कोणती सासू सुनेला पाठवते? पण हळदी-कुंकवाला नाही म्हणायची तिची छाती होत नाही. तुझी युक्ती नामी होती, मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

मग एक वर्ष रेखा आली. बपेऱ्याहून एसटीनं एकटी आली होती. छातीत गाठ लागत होती म्हणून आली होती. फाटकाशी देवकाबाईंच्या सुनेनं कुंकवाचं बोट पुढे केलं आणि हसत विचारलं, "मालक काय करते तुमचे?" रेखानं नवऱ्याला सोडून बरीच वर्षं झाली होती. गावाच्या टोकाला ती आणि तिची मैत्रीण सुशीला मिळून राहायच्या, रोवणी-निंदणीला जोडीनं जायच्या. काय सांगणार होती ती फाटकात उभी राहून? ती म्हणाली, "चप्पल तुटली, शिवून आणतो," आणि जी गेली ती गेलीच. तू लांबून फक्त तिची पाठ पाहिलीस. धावत बसथांब्यावर गेलीस तेव्हा ती गाडीत बसलेली होती. खिडकीतून तुला म्हणाली, "तो कुंकवाचा दरवाजा आमच्यासाठी नोहे, बाई."

त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. मला वाटलं गाठीची काळजी आहे. ती तर होतीच. पण तुला त्या दरवाजाचंच लागलं होतं. आपण दोघी गेलो असतो तर आपणही चप्पलच तुटली म्हटलं असतं, हे तू मला बोलली नाहीस, पण मला ते ऐकू आलं.

पुढच्या वर्षी तू जो घोळ घातलास तो आठवला की मला अजून हसू येतं. मैदानाच्या कोपऱ्यातली खोली घेतलीस आणि वर भलामोठा कापडी फलक लावलास, "एकल महिलांसाठी वेगळी व्यवस्था". तुला वाटलं बायका धन्य धन्य म्हणतील. समोरच्या पानठेल्यावर गावातले सगळे रिकामटेकडे जमले, आज त्या खोलीत कोण शिरते ते पाहायला. दिवसभरात आत गेली ती कोणाची तरी शेळी. संध्याकाळी तिला हाकलायला गेलीस तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. मी म्हटलं, "तू सोय नाई केली वो, गावाले बोट दाखवाले जागा करून देली."

"मंग तूच सांग ना शहानी असशील तं!"

सांगितलं की. माझ्या दुकानात पडदा आहे. माप घ्यायला सरपंचाची बायको येवो की भाजीवाली, प्रत्येक बाई त्या पडद्यामागे एकटी जाते. सासू बाहेर, जाऊ बाहेर. आत ती काय बोलली, रडली की हसली, कोणी विचारत नाही, कारण सगळ्याच आत जातात. "निराळीले निराळा दरवाजा नोको देऊ," मी म्हटलं. "सगळ्याइलेच पडद्यातून जाऊ दे." तू दोन घास खाल्लेस, थांबलीस, आणि माझ्याकडे असं पाहिलंस की मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. तू म्हणालीस, "भाजीत मीठ कमी आहे."

पण केलंस तसंच. बाबांचा माग बंद पडायच्या आधी त्यावरून उतरलेलं शेवटचं जाडंभरडं कापड मी पेटीतून काढलं, त्याचा पडदा शिवला. पडदा माझा, अक्कल माझी, आणि नाव झालं शालू सिस्टरचं. बरं, नावाचं राहू दे. पण पडदा लागला आणि तू आत बसलीस, मला दिलीस बाहेर एक खुर्ची. माझं काम काय, तर सासवा अडवायच्या.

"माही सून काय सांगते ते मले ऐकू द्या ना, बाई."

"आजी, तुमचाबी नंबर येते. तवा सुनेले बाहेर ठेवीन मी."

आजी खूश व्हायची. सगळ्याच आज्यांना सुनेपासून लपवायचं काहीतरी असतंच.

आत तू "नवरा काय करते" हा प्रश्नच मोडीत काढलास. "लेकरं किती" हाही. त्यांच्या जागी एकच प्रश्न ठेवलास: "दुखलं-खुपलं तं उठून पानी कोन देते?" कोणी म्हणायची नवरा, कोणी म्हणायची कोणीच नाही, आणि कोणी जरा थांबून म्हणायची, "माही एक मैत्रीण आहे." तू मान हलवायचीस आणि पुढचं विचारायचीस, जसं काही तिनं नवराच म्हटलं होतं. नावं न घेता आतलं एवढंच तू मला सांगितलं होतंस. डॉक्टरीणबाईंनाही तू शिकवून ठेवलं होतंस की लग्न झालं नाही म्हणून बाईची तपासणी सोडायची नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. तुमसर रोडची मोहना, जिला दवाखान्यात बाप्यांच्या रांगेतून बायांच्या आणि बायांच्या रांगेतून परत बाप्यांच्या रांगेत ढकलायचे, तिलाही तू माझ्या खुर्चीसमोर बायांच्या रांगेत उभं केलंस. देवकाबाई कुजबुजल्या, "हे कायले वो?" तू म्हणालीस, "तिचाबी बीपी वाढतेच ना, देवकाबाई." पुढच्या साली देवकाबाईंनीच तिला हात धरून रांगेत आणलं.

रेखाही आली, सुशीलाला घेऊन. नशीब तिचं, एवढा उशीर होऊनही गाठ पसरली नव्हती, नागपूरला ऑपरेशन झालं. दवाखान्यात तिच्यापाशी तू राहिलीस आणि मी इकडे एकटी. मी चांगलं म्हणायला हवं होतं, आणि चांगलं म्हटलंही. पण खरं सांगू? मी मनातून जळत होते.

कारण त्या पडद्याआड तुझा जो आवाज लागायचा तो मी घरी कधी ऐकला नाही. शब्द कळायचे नाहीत, फक्त सूर ऐकू यायचा. मऊ, सावकाश, तव्यावरच्या भाकरीला हलक्या हातानं फिरवावं तसा. मध्येच तू हसायचीस. बाया डोळे पुसत बाहेर यायच्या, आणि त्यातली एखादी माझ्याकडे पाहून असं काही गालात हसायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय सांगितलं हिनं त्यांना माझ्याबद्दल? रेखा तर दरवर्षी तुझ्यासाठी उकडलेले शिंगाडे आणायची. पुरचुंडी तुझ्या हातात, मला नुसतं "बरं आहे ना, ताई?" परतीच्या एसटीत तू सोलून माझ्यापुढे धरायचीस. मी खायचे नाही. मला शिंगाडे आवडतात, हे तुला माहीत होतं.

आणि घरी आल्यावर? "आज बम थकली वो, मंदा." झालं. सगळे शब्द सिहोऱ्याला वाटून यायचीस आणि मला उरायचा तुझा पाठमोरा अंबाडा. मी विचारायचे, आत काय बोलता एवढं? "आतलं आतच राह्यते." म्हणजे माझ्या पडद्याआडचं मलाच कळायची चोरी. लोकाच्या लेकीला मधाचं बोट आणि घरच्या माणसाला चुलीतलं लाकूड, असं मी तुला एकदा तोंडावर म्हटलं होतं. तू उठून मला चहा करून दिलास. भांडण तुला नीट करताच यायचं नाही.

त्याच मेळाव्यात दुपारी बाया गोल करून नाव घ्यायला बसायच्या. उखाण्यांना नुसता ऊत यायचा. शंकरराव, भाऊराव, सगळ्या रावांची वरात निघायची. पाळी माझ्यापाशी आली की कोणीतरी म्हणायचं, "मंदाताईले कायले विचारता, तिचं कुठं लगन झालं?" आणि पाळी माझ्या डोक्यावरून पुढे जायची. एकदा असंच झालं. घरी येऊन तू तांदूळ धूत होतीस आणि मी मागे उभी राहून म्हटलं, ऐक, मलाही येतो उखाणा. "पवनीच्या मागावर विणलं लुगडं धानी..." पुढची ओळ ओठांवर आली आणि तू ओला हात माझ्या तोंडावर ठेवलास. "गप वो! भिंतीले कान राह्यते." मग जाऊन खिडकी लावून आलीस. खिडकी लावून झाल्यावर तरी विचारशील, म्हणून मी थांबले होते. तू कुकर लावलास. तो उखाणा अर्धाच राहिला, शालू. इतकी वर्षं तो माझ्या घशात तसाच होता.

आणि आपला तो वाद. गेल्या पावसाळाभर आपण भांडलो. तू म्हणायचीस, फाटकावरचं कुंकू काढू या, रेखासारख्या अजून किती जणी फाटकातून परत गेल्या असतील. मी म्हणायचे, कुंकू काढलं तर सासवा सुना पाठवणार नाहीत आणि तुझा पडदा रिकामा हलेल. तू म्हणायचीस मी भित्री. मी म्हणायचे तू हट्टी. निकाल लागायच्या आत कापणीच्या दिवसांत तू उपकेंद्रातच कोसळलीस. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मला आत सोडेनात. "कोण तुम्ही?" मावसबहीण. "जवळचं कोणी?" मी तुझ्या भावाला फोन लावला. आपल्या गप्प बसण्याचा सगळा हिशेब एका प्रश्नात चुकता झाला.

तेरवी आसगावला झाली. मी गेले नाही. त्यानंतर एका दुपारी दुकानात रेखा आणि सुशीला आल्या. हातात शिंगाड्यांची पुरचुंडी. मला वाटलं, हिला अजून कळलंच नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर रेखा म्हणाली, "मालूम आहे, ताई. आसगावले नाई गेलो आमी. तिथं कायले जाचं? मानूस तं तुमचं गेलं."

शालू, तू गेल्यावर मला कोणी असं म्हणालं ते पहिल्यांदा. मी मशीनवरच बसून राहिले. सुशीलानं दुकानाचा दरवाजा ओढून घेतला. मग मी रडले, वहिनीपेक्षा मोठ्यानं रडले म्हण.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"बाईनंच. मी पह्यल्यांदा पडद्यात बसली तं नुसती रडून राहिली होती. काहीच बोलेना मी. तं बाई मने, रडू नोको, माह्याबी घरी मानूस आहे. मी मनलं, कोन? तं मने, ते बाहेर खुर्चीवर बसली आहे ना, कपाळाले आठ्या घालून, तेच माही. दिसाले तिखट आहे, मने, पन तिच्याबिगर मले घास जात नाई." रेखा हसली. "आमी साऱ्याजनी बाहेर आलो का तुमच्याकडे पाहो, ताई. आमाले तुमचा बम हेवा वाटे."

माझा हेवा! मी त्यांचा करत होते आणि त्या माझा. कपाळाला आठ्या घालून मी खुर्चीवर बसलेली, आणि आतून प्रत्येक बाई मला पाहून धीर घेऊन निघालेली. ऐकून सुख झालं. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या क्षणी परत पेटले. म्हणजे बपेऱ्याच्या रेखाला माहीत, तुमसर रोडच्या मोहनाला माहीत, कुठल्या कुठल्या गावच्या, ज्यांची नावंही मला येत नाहीत त्या बायांना माहीत, की मी तुझी कोण. फक्त मला सांगायचं राहिलं. "तेच माही" हे दोन शब्द माझ्याच पडद्याआड तू खिरापतीसारखे वाटलेस आणि मला भाजीत मीठ कमी आहे म्हणालीस. हे मी तुला माफ केलेलं नाही. शिंगाडे मात्र सगळे खाल्ले.

मागच्या आठवड्यात मेळावा झाला. देवकाबाई आल्या होत्या विचारायला. म्हणाल्या, नवीन नर्सबाई तपासतील, पण पडद्यात बोलायला तूच बस. रेखानं आधीच जाऊन सांगून ठेवलं होतं की आमी दुसऱ्या कोनाजवळ तोंड उघडनार नाई. कुंकवाचं म्हणशील तर फाटकावर मी फक्त तिळगूळ ठेवायला लावला, सगळ्यांना सारखा, वाणही सगळ्यांना. कुंकवाची वाटी आत टेबलावर, आरशाशेजारी. जिला लावायचं तिनं आपल्या हातानं लावावं. सासवा आल्या, सुनाही आल्या. तू जिंकली नाहीस, मीही नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस की हे आधीच माझ्या मनात होतं, आणि आपण परत भांडलो असतो.

बाहेर माझ्या खुर्चीवर रेखा बसली, कपाळाला आठ्या घालून. तिला त्या चांगल्या जमतात.

मी तुझ्या जागेवर बसले. कापडातून उजेड पिवळट येतो आणि बाहेरच्यांचे पाय तेवढे दिसतात. मला कळलं की इतकी वर्षं तुला माझ्या चपला दिसत असणार. दुपारपर्यंत बायका येत-जात राहिल्या. मग पंचविशीची एक पोरगी आली, खाली मान घालून. काय होतंय, तर पाळीचा त्रास. कोणाला सांगितलं का, तर नाही. मी तुझाच प्रश्न विचारला. दुखलं-खुपलं तं उठून पानी कोन देते?

तिनं हातात पिळलेलं पदराचं टोक सोडलं. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडेच रोखून पाहत म्हणाली, "अन् तुमाले वो, बाई? तुमाले कोन देते?"

मला कोणी हे विचारलं नव्हतं. आणि इतकी वर्षं अडकून बसलेला तो उखाणा माझ्या तोंडून पुरा निघाला.

"पवनीच्या मागावर विणलं लुगडं धानी,
शालूच्या हातचं प्याले जन्मभर पाणी."

पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला, हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. हळूच म्हणाली, "माहीबी आहे एक. वैशाली नाव तिचं." बाहेरून रेखा ओरडली, "काय चाललं वो अंदर एवढं?" मी म्हटलं, "आतलं आतच राह्यते, रेखा."

तर घेतलं मी तुझं नाव, शालू. पुरतं घेतलं, दोन्ही ओळींचं, भरल्या मेळाव्यात. त्या पोरीनं ऐकलं आणि तू नाही ऐकलंस. आता बस तिकडे, आणि कर माझा हेवा.